मुदतवाढ रिटर्नला, पैशाला नव्हे

नागपूर हे नोकरदारांचे आणि निवृत्तांचे शहर आहे. 1956पर्यंत ते जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. राजधानी गेली तरी कचेऱ्या राहिल्या, आणि रेल्वे, वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉइल यांनी पगारदारांची संख्या वाढवली. अशा घरांत बचत म्हणजे प्रामुख्याने बँकेतली एफडी, आणि प्राप्तिकर म्हणजे पगारातून आपोआप कापली जाणारी रक्कम. त्यामुळे कर स्वतः हिशेब करून, स्वतः चलन काढून भरण्याची सवयच अनेकांना लागलेली नाही. 27 मे 2025 रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने रिटर्नची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरवर नेली आणि शेवटच्या रात्री आणखी एक दिवस वाढवून दिला, तेव्हा बहुतेकांनी त्याचा अर्थ ‘आता घाई नाही’ असाच घेतला. रिटर्नपुरता तो अर्थ बरोबर होता. ज्यांचा कर कमी भरला गेला होता, त्यांच्यापैकी अनेकांना मात्र तो महागात पडला.

याचे कारण कलम 234ब मध्ये आहे. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त राहत असेल, तर तो आर्थिक वर्ष संपण्याआधी आगाऊ कराच्या हप्त्यांनी भरायचा असतो. त्यातला निदान 90 टक्के भाग 31 मार्चपर्यंत जमा नसेल, तर 1 एप्रिलपासून दरमहा 1 टक्का व्याज लागते आणि सुरू झालेला महिना पूर्ण धरला जातो. या व्याजाचा रिटर्नच्या मुदतीशी काही संबंध नाही. मुदतवाढीने लांबते ते 234अ चे, म्हणजे उशिरा रिटर्न भरल्याचे व्याज. 234ब चे व्याज मात्र चालूच राहते.

आकडे मांडून पाहू. धरमपेठेतला कोणी पगारदार 30 टक्क्यांच्या टप्प्यात आहे आणि त्याला 2024-25 मध्ये एफडीवर 2 लाख व्याज मिळाले. बँकेने 10 टक्क्यांनी 20,000 कापले. उपकरासह खरा कर होतो 62,400, म्हणजे 42,400 कमी पडले. हप्ते चुकल्याचे 234क खालचे व्याज 2,137 रुपये. ते ठरलेले, त्यात आता बदल नाही. 10 जुलैला पैसे भरले तर 234ब चे चार महिने, 1,696 रुपये. सगळे मिळून, दहाच्या पटीत आणून, 46,230. तेच 15 सप्टेंबरला भरले तर सहा महिने, 2,544 रुपये, आणि एकूण 47,080. गोची इथेच होते. सीएने जुलैत काढून दिलेला आकडा मुदत वाढली म्हणून घरीच पडून राहतो आणि सप्टेंबरमध्ये तोच आकडा भरला जातो. 850 रुपये कमी पडतात. कायद्याने भरलेली रक्कम आधी विलंब शुल्काकडे, मग व्याजाकडे आणि उरलेली कराकडे वळते, म्हणून राहिलेली तूट व्याजाची न ठरता कराचीच ठरते आणि तिच्यावर पुन्हा व्याज चढते. रक्कम किरकोळ आहे, पण तिच्यापोटी बंगळुरूच्या केंद्रातून मागणीची सूचना येते आणि एरवी सरळ असलेल्या करदात्याच्या नावावर थकबाकी दिसू लागते.

यावर पहिला आक्षेप असा की महिन्याला 1 टक्का म्हणजे फार नाही. वर्षाला तो 12 टक्के होतो, आणि कोणतीही राष्ट्रीयीकृत बँक एफडीवर इतके देत नाही. कराचे पैसे बँकेत ठेवून थांबण्यात तोटाच आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचे विवरण बँका 31 मेपर्यंत देतात, फॉर्म 16 जूनच्या मध्यावर हाती येतो, मग आधी कळणार कसे? हे खरे आहे. पण एफडीचे व्याज पासबुकावरून मोजता येते. त्यासाठी 26एएस या टीडीएसच्या पत्रकाची वाट पाहावी लागत नाही. अंदाजाने थोडे जास्त भरले गेले तर परतावा मिळतो. त्यावर प्राप्तिकर खाते महिन्याला अर्धाच टक्का व्याज देते आणि तोही अटी घालून, ही असमानता मला मान्य नाही. तरी कमी भरण्यापेक्षा ते स्वस्त पडते. तिसरा आक्षेप न्यायाचा आहे. 2025 मध्ये फॉर्म बदलले आणि ते भरण्याची साधने उशिरा आली म्हणून मुदत वाढली, मग व्याज करदात्याने का सोसावे? 234ब चे व्याज मागच्या वर्षीच्या आगाऊ कराबद्दल असते, फॉर्मच्या उशिराबद्दल नव्हे, म्हणून तत्त्वतः त्याला उत्तर आहे. पण मंडळाने मुदतवाढ जाहीर करताना ‘कराची तूट असल्यास व्याज चालू राहील’ हे एक वाक्य ठळक लिहायला हवे. ते न लिहिणे ही उणीवच आहे.

रक्कम कधी जमा झाली यालाच महत्त्व आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये प्रणय रॉय यांच्या प्रकरणात मान्य केले. कर मुदतीत भरला होता, रिटर्न उशिरा गेले; 234अ चे व्याज लागू नाही, असा निकाल लागला. साठ वर्षांवरच्या, धंद्याचे उत्पन्न नसलेल्या निवृत्तांना आगाऊ करच लागू नाही, त्यामुळे 2025 च्या मुदतवाढीचा खरा लाभ त्यांना झाला. 2020 आणि 2021 च्या वाढीत मात्र 1 लाखावरच्या तुटीला 234अ च्या व्याजातून सवलत नव्हती, म्हणून दर वर्षीचे परिपत्रक वाचणे भाग आहे.

पैसे भरण्याचे काम पाच मिनिटांचे आहे, पण त्यात दोन जागी हमखास घसरायला होते. पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’ उघडल्यावर निर्धारण वर्ष निवडायचे असते. 2024-25 च्या उत्पन्नासाठी ते 2025-26. चुकीचे निवडले की पैसे सरकारकडे पोचूनही तुमच्या हिशेबात दिसत नाहीत. दुसरी जागा रकान्याची: रिटर्न भरण्याआधीची तूट 300 क्रमांकाखाली जाते, मागणी आल्यानंतरची 400 खाली. चलनावर बँक शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, तारीख आणि पाच आकडी अनुक्रमांक असतो. हे तिन्ही रिटर्नमध्ये जसेच्या तसे उतरवावे लागतात. एकाच वर्षासाठी दोन-तीन चलने काढायला काहीच हरकत नाही, म्हणून आधीचा आकडा कमी पडला असे रिटर्न पाठवण्याआधी दिसले तर लगेच दुसरे चलन काढावे.

1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असून निर्धारण वर्षाऐवजी एकच ‘कर वर्ष’ आले आहे, पण 2025-26 च्या उत्पन्नाचे रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचे आहे. पासबुक घेऊन एफडीचे व्याज आजच मांडा, आणि तूट निघाली तर मुदतवाढीच्या बातमीची वाट न पाहता या महिन्यातच चलन काढा.