पत्र्यावर पाय ठेवण्याआधी

रोहिणी नक्षत्र लागलं, की जालना जिल्ह्यात पत्र्यांची घाई सुरू होते. वळवाच्या वाऱ्यानं कुणाच्या गोठ्याचे पत्रे उडालेले असतात, कुणाच्या घराचे बोल्ट सैल झालेले असतात, एमआयडीसीतल्या एखाद्या शेडचा कोपरा गंजून गेलेला असतो. मृगाच्या आत काम उरकायचं म्हणून मिस्त्रीला निरोप जातो : ‘दोन तासांचं काम आहे, येऊन जा.’

या ‘दोन तासांच्या कामा’तच खरी गोम आहे. नवी इमारत उभी करताना निदान परांची तरी बांधली जाते. दुरुस्तीला मात्र शिडी टेकवायची आणि चढायचं. माणूस पडलाच, तर तो त्या दिवशी कामावर होता हे दाखवणारा चिटोराही नसतो. अपघात वर घडतो, पण तो होणार की टळणार आणि झालाच तर घरच्यांच्या हाती काय पडणार, हे बरंचसं चढण्याआधी जमिनीवरच ठरलेलं असतं.

बारा फूट म्हणजे किती?

गोठ्याची किंवा साध्या घराची पाखी बारा फुटांच्या आसपास असते. तेवढ्या उंचीवरून पडणारा माणूस एका सेकंदाच्या आत जमिनीवर येतो, तोही ताशी तीस किलोमीटरच्या वेगानं. शेडची उंची वीस फूट धरली, तर हाच वेग चाळिशीला टेकतो. हात पुढे करायला किंवा काही धरायला वेळच मिळत नाही. म्हणून ‘सांभाळून काम कर’ एवढं सांगणं पुरेसं नाही. तोल गेला तरी माणूस खाली पोहोचणार नाही, अशी सोय आधी करावी लागते.

पाय नेमका कुठे फसतो

छपरावरून पडणं म्हटलं की कडेवरून घसरणं डोळ्यांपुढे येतं. पण जुन्या शेडवर माणूस अनेकदा पत्र्यातून आरपार खाली जातो. सिमेंटचा पत्रा वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाऊन ठिसूळ होतो. वरून धडधाकट दिसतो आणि पाय पडताच फुटतो. त्याहून फसवा असतो उजेडासाठी मध्ये बसवलेला फायबरचा पारदर्शक पत्रा. सळईच्या कारखान्यांच्या किंवा जिनिंगच्या परिसरात त्यावर धूळ बसते, तो बाजूच्या पत्र्यांसारखाच काळपट होतो आणि ओळखूच येत नाही. लोखंडी पत्रा गंजला असेल तर बोल्टच्या भोवती आधी पोकळ होतो.

गावाकडे आणखी एक धोका असतो. पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड. काम करताना एखादा गडगडला, तर खाली उभ्या असलेल्या बिगाऱ्याच्या डोक्यातच जातो.

चढण्याआधीची तयारी

आधी खालून, म्हणजे शेडच्या आत उभं राहून छप्पर बघा. जिथून उजेड येतो तिथे फायबरचा पत्रा आहे किंवा भोक पडलंय. आतून अँगल कुठून कुठे गेलेत ते लक्षात घ्या आणि वर गेल्यावर त्या जागा खडूनं आखून घ्या.

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नका. ‘बोल्टच्या रेषेवरून चाललं की काही होत नाही’ असं जुने मिस्त्री सांगतात. पण ती रेषा चार इंचांची असते आणि तोल जायला तेवढं पुरतं. निदान दोन अँगलवर टेकेल अशी लांब, जाड फळी टाकावी आणि तिच्यावरूनच चालावं. एक फळी पुढे सरकवताना उभं राहायला दुसरी लागते, म्हणून फळ्या दोन हव्यात. फायबरच्या पत्र्यावर तात्पुरतं झाकण ठेवून ते बांधून टाकावं.

शिडीचं गणित सोपं आहे. वर चार फुटांमागे पायथा एक फूट बाहेर. बारा फुटांच्या पाखीला शिडीचा पाय भिंतीपासून तीन फुटांवर येतो. शिडीचं टोक पाखीच्या वर तीन फूट निघालेलं असावं आणि ते दोरीनं बांधलेलं असावं. नुसता खाली एक माणूस धरून उभा राहिला, तर शिडी सरकताना तो ती थोपवू शकत नाही.

सेफ्टी बेल्ट घ्यायचा तर छाती, खांदे आणि मांड्या धरून ठेवणारा पूर्ण अंगाचा घ्यावा. नुसता कमरेचा पट्टा झटक्यानं पोटाला आणि पाठीच्या कण्याला इजा करतो. बेल्टवर आयएस ३५२१ आणि हेल्मेटवर आयएस २९२५ ही भारतीय मानकाची खूण आहे का ते पाहा. हूक पत्र्याला किंवा सैल अँगलला अडकवू नका. कैचीला किंवा पक्क्या खांबाला अडकवा. घराच्या उतरत्या छपरावर दोर आढ्यावरून पलीकडे टाकून तिकडच्या झाडाला किंवा खांबाला बांधता येतो.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सहा फुटांची दोरी, त्यात माणसाची उंची आणि झटक्यानं येणारा ताण धरला, तर दोरी माणसाला पूर्ण थोपवेपर्यंत सतरा-अठरा फूट संपतात. बारा फुटांच्या घरावर तो त्याआधीच जमिनीला लागतो. कमी उंचीच्या छपरावर म्हणूनच दोर इतका आखूड ठेवावा, की माणूस कडेपर्यंत पोहोचूच नये.

बेल्ट, हेल्मेट, फळ्या ही साधनं फुकट पुरवणं ही कामावर ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे. त्यांचे पैसे मजुरीतून कापता येत नाहीत.

ऊन, वारा आणि तारा

मे महिन्यात जालन्याचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पत्रा त्याहून कितीतरी तापतो. अशा वेळी घेरी येते, हाताला घाम सुटतो, पकड सुटते. काम पहाटे लवकर सुरू करून अकराच्या आत उतरावं आणि राहिलेलं काम ऊन कललं की करावं.

वाऱ्याचा भरवसा धरू नये. दहा फुटांचा सुटा पत्रा हातात धरला, की तो शिडासारखा वारा भरून घेतो आणि माणसाला ओढत नेतो. आभाळ भरून आलं, धूळ उठली की लगेच खाली उतरा. सुटे पत्रे मात्र आधी दाबून बांधा. पहिल्या पावसानंतर ओल्या पत्र्यावर चढणं टाळलेलंच बरं.

जवळून विजेची तार जात असेल तर लांब पत्रा, अँगल किंवा ॲल्युमिनियमची शिडी उभी करताना ती तारेला लागू शकते. महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नये. आता अनेक छपरांवर सोलरच्या पाट्या आल्या आहेत. मुख्य वीज बंद केली तरी उन्हात पाटीतून वीज येतच राहते, हे विसरू नका.

पडल्यानंतरचा पहिला तास

चार जणांनी हातपाय धरून उचलायचं आणि जीपमध्ये टाकायचं, ही आपली सवय घातक आहे. मणका मोडला असेल तर त्या उचलण्यानंच कायमचं अपंगत्व येऊ शकतं. श्वास चालू असेल आणि आजूबाजूला दुसरा धोका नसेल, तर माणूस आहे तिथेच ठेवा, मान हलू देऊ नका, रक्त येत असेल तर कापडानं दाबून धरा आणि १०८ला फोन करा. हलवावंच लागलं, तर दार किंवा फळी अंगाखाली सरकवून डोकं, मान, कंबर एका रेषेत ठेवूनच हलवा. गंभीर रुग्णाला जालन्याहून पुढे साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेलं जातं. त्यामुळे सुरुवातीची मिनिटं वाया घालवू नका.

दवाखान्यात कारण विचारतात तेव्हा ‘घरी पाय घसरला’ असं सांगू नका. अनेकदा गुत्तेदारच तसं सांगायला लावतो. ‘अमक्या ठिकाणी, अमक्याच्या कामावर, छपरावरून पडला’ हेच नोंदवा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंद झाली का ते बघा. पुढे न्यायालयात हीच पहिली नोंद वाचली जाते.

कोणते कागद जपायचे

पोलिसांनी घेतलेला जबाब आणि पंचनामा, दवाखान्याची भरतीची आणि सुटीची चिठ्ठी, औषधांची बिलं, जागेचे आणि तुटलेल्या पत्र्याचे फोटो, सोबतच्या दोघा-तिघांची नावं हे सगळं एका पिशवीत ठेवा. मजुरीची पावती बहुतेकांकडे नसते, पण फोनवरून आलेले पैसे, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि हजेरीची डायरीही पुरावा ठरते. अपघात झाल्याची लेखी सूचना गुत्तेदाराला आणि मालकाला रजिस्टर पोस्टानं पाठवा.

भरपाई कुणी द्यायची

१९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याची व्यवस्था २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. गाभा मात्र तोच आहे. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, तर कामावर ठेवणाऱ्यानं भरपाई द्यायची. त्याची चूक होती हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही. बेल्ट मुद्दाम घातला नाही किंवा दारू प्यायला होता, अशी सबब मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात चालत नाही.

गुत्तेदारामार्फत काम असेल आणि ते मालकाच्या धंद्याचाच भाग असेल, तर कामगार थेट मूळ मालकाकडे दावा करू शकतो. मालकानं ती रक्कम गुत्तेदाराकडून वसूल करावी. खाजगी घराच्या दुरुस्तीत मात्र प्रथम जबाबदारी येते ती मजूर लावणाऱ्या गुत्तेदारावर. कामगार कारखान्याचा आणि कर्मचारी राज्य विम्यात (ईएसआय) नोंदलेला असेल (मजुरीची मर्यादा महिना २१,००० रुपये), तर त्याला भरपाईऐवजी ईएसआयचे लाभ मिळतात.

किती मिळते : एक हिशेब

तीस वर्षांचा पत्र्याचा मिस्त्री, हजेरी ६०० रुपये, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे १५,००० रुपये. २०२०पासून हिशेबासाठी धरायच्या वेतनाची कमाल मर्यादाही हीच होती. कायद्यातल्या तक्त्यात तिशीसाठीचा गुणक आहे २०७.९८.

• मृत्यू : वेतनाचा निम्मा भाग × गुणक = ७,५०० × २०७.९८ = १५,५९,८५० रुपये
• कायमचं पूर्ण अपंगत्व : वेतनाचे ६० टक्के × गुणक = ९,००० × २०७.९८ = १८,७१,८२० रुपये
• अंशतः अपंगत्व : वरच्या रकमेचा ठरलेला टक्का. अंगठा गेला तर ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये
• तात्पुरतं अपंगत्व : दर पंधरवड्याला वेतनाचे २५ टक्के, म्हणजे ३,७५० रुपये

उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याशिवाय मिळतो.

अपंगत्वाचा टक्का डॉक्टर अवयवावरून काढतात, पण कमाईची ताकद किती गेली हे कामावरून ठरतं. ओडिशातल्या जयपूर गावी सिनेमागृहात सुतारकाम करताना पडून एका सुताराचा डावा हात कापावा लागला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के धरावं, असं सर्वोच्च न्यायालयानं प्रताप नारायण सिंग देव खटल्यात डिसेंबर १९७५मध्ये मान्य केलं. दोन्ही पाय टेकवून तोल सांभाळणं हीच ज्याची रोजी, त्या पत्रेवाल्याच्या प्रकरणातही हा युक्तिवाद मांडता येतो.

‘सही कर, प्रकरण मिटव’

अपघातानंतर आठवडाभरात बाँडवर पन्नास हजारांत मिटवायचा निरोप येतो. हक्क सोडून देणाऱ्या अशा लिखापढीला कायद्यानं किंमत नाही. मृत्यूच्या भरपाईची रक्कम तर सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. घरच्यांच्या हातात परस्पर पैसे ठेवले, तर ती कायदेशीर भरपाई धरली जात नाही. महिनाभरात रक्कम दिली नाही, तर बारा टक्के व्याज लागतं आणि योग्य कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो.

दाव्यासाठी जुन्या कायद्यातली दोन वर्षांची मुदतच डोक्यात ठेवा. त्यापुढे थांबू नका. जालन्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्न गटातल्या लोकांना मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

आणखी कुठून मदत मिळते

वर्षात नव्वद दिवस बांधकाम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. कामावर अपघाती मृत्यू झाल्यास मंडळाकडून वारसाला पाच लाख रुपये मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण आहे.

या जिल्ह्यात मिस्त्री अनेकदा शेतकरीही असतो. स्वतःच्या गोठ्यावर चढून पडला, तर भरपाई मागायला मालकच नसतो. अशा घरासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. उंचावरून पडून झालेल्या मृत्यूला तिच्यात दोन लाख रुपये आहेत. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे वेळ न घालवता द्यावा.

शिडी लावण्याआधी एक निरोप

पुढच्या वेळी ‘दोन तासांचं काम आहे’ असा फोन आला, तर शिडी लावण्याआधी गुत्तेदाराला किंवा मालकाला व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका : ‘आज अमक्या गावी अमक्यांच्या शेडवर पत्र्याचं काम सुरू करतोय. सोबत दोघे, हजेरी सहाशे. फळ्या आणि बेल्ट पाठवा, मग चढतो.’ फळ्या आल्या तर अपघात टळेल. नाही आल्या आणि तुम्ही चढलाच नाहीत, तरी टळेल. आणि काही झालंच, तर तारीख, जागा, मजुरी आणि मागितलेली साधनं, चारही गोष्टी त्या दोन ओळींत लिहिलेल्या असतील.