मनगटावरचे घड्याळ आणि खिशातला फोन

स्मार्ट घड्याळ हातात आले की सारे काम तेच करते, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक, ज्यात स्वतःचे सिम नाही ते घड्याळ निरोप, फोन, बातम्या सारे खिशातल्या फोनकडून ब्लूटूथच्या वाटेने उसने घेते. ही वाट अरुंद आहे.

ती अरुंद का, हे जपानकडे पाहिले की उमगते. १९६९ साली सेइकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढले, ते याच देशात. तिथल्याच कासिओ कंपनीचे २०१२ सालचे ब्लूटूथवाले जी-शॉक फोन आल्याचे कळवी, वेळ जुळवून घेई, आणि त्याचा बटणाएवढा सेल सुमारे दोन वर्षे पुरे. मागणे थोडे, म्हणून खर्च थोडा! आजची घड्याळे नकाशे मागतात, गाणी मागतात, आणि मग खोळंबतात.

दुसरा अडथळा आपले शरीर. २.४ गिगाहर्ट्झच्या या लहरी शरीरातले पाणी शोषून घेते. घड्याळ डाव्या हाताला आणि फोन उजव्या मागच्या खिशात, म्हणजे मध्ये आपणच आडवे. त्याच पट्ट्यात वाय-फाय बोलते, मायक्रोवेव्ह भट्टीही चालते. टोकियोच्या शिंजुकू स्थानकातल्या गर्दीत किती यंत्रे एकदम कुजबुजत असतील!

आम्हाला काळजी वाटते ती वडीलधाऱ्यांची. मुलाने पाठवलेले घड्याळ बांधून आजोबा फिरायला निघतात. फोन राहतो उशाशी. पडलो तर घड्याळ हाक मारील, हा भरवसा. पण ती हाक फोनमधूनच जायची असते. तेव्हा फोन बरोबर द्या, घड्याळाच्याच बाजूच्या पुढच्या खिशात.