मुलांच्या डब्यातलं मांस: पाकिटावर काय असतं, काय नसतं

आजचा विषय ऐकायला अगदी छोटा आहे: शाळेच्या डब्यातले टर्कीचे किंवा हॅमचे काप. पण ज्या घरातल्या मुलाला गहूही चालत नाही आणि दूधही चालत नाही, तिथे पोळी, ब्रेड, चीज, दही, पनीर हे सगळं एकदम बाद होतं. अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत मग आईबाबा मांसाच्या तयार कापांकडे वळतात. मांस म्हणजे मांस, त्यात गहू-दूध कुठून येणार, असं सहज वाटतं. ते येतं. कसं येतं ते आज समजून घेऊ.

आधी एक फरक नीट लक्षात ठेवू. सेलिअॅक आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. मुलाला कधीकधी बाहेरून काहीच त्रास दिसत नाही, पण आत नुकसान चालू असतं आणि वाढ खुंटते. दुधाची अॅलर्जी म्हणजे दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी. तिथे अगदी थोड्या अंशानेही काही मिनिटांत अंगावर गांधी उठणं, उलट्या, श्वास अडकणं इथपर्यंत मजल जाते. लॅक्टोज न पचणं ही तिसरीच गोष्ट. त्यात पोट बिघडतं, पण जिवावर बेतत नाही. 'थोडंसं चालेल का?' या प्रश्नाचं उत्तर या तिघांत वेगवेगळं आहे. म्हणून मुलाला यातलं नेमकं काय आहे, ते डॉक्टरांकडून पक्कं करून घ्यायचं.

आता मांसात दूध का घालतात? सॉसेज, बोलोना, हॉट डॉग यांत मांस बारीक वाटून घेतलेलं असतं. ते एकत्र धरून ठेवायला आणि त्यातलं पाणी सुटू नये म्हणून काहीतरी बांधणारं लागतं. दुधाची पावडर, दुधापासून काढलेलं सोडियम केसिनेट, स्टार्च किंवा सोया हे काम करतात. अमेरिकेच्या नियमांत हॉट डॉगसारख्या पदार्थांत अशा घटकांना एकूण ३.५ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे. म्हणजे यात भेसळ नाही, सगळं कायदेशीर आहे. गव्हाचं पीठ किंवा ब्रेडचा चुरा मीटबॉल, मीटलोफ, ब्रिटिश पद्धतीचे सॉसेज यांत येतो. तेरियाकी चवीच्या कापांत सोया सॉस असतो आणि नेहमीचा सोया सॉस गहू घालूनच बनवतात.

इथे कायद्याची एक गंमत आहे, आणि बरेच पालक तिथेच फसतात. अमेरिकेत ३० जून १९०६ या एकाच दिवशी दोन कायद्यांवर सह्या झाल्या: एक मांस-तपासणीचा, दुसरा अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा. तेव्हापासून मांसाचं खातं वेगळं आणि बाकीच्या अन्नाचं वेगळं. मांस आणि कोंबडी कृषी खात्याकडे, बाकीचं बहुतेक सगळं एफडीएकडे. २००४ मध्ये अॅलर्जीच्या घटकांचा कायदा झाला आणि २००६ पासून पाकिटांवर गहू, दूध, अंडी वगैरे साध्या नावाने लिहिणं सक्तीचं झालं. पण हा कायदा एफडीएच्या हद्दीतल्या अन्नाला लागू आहे. कृषी खात्याच्या हद्दीतल्या मांसावर 'यात दूध आहे, गहू आहे' अशी वेगळी ओळ देणं कंपनीच्या मर्जीवर असतं. बऱ्याच कंपन्या देतात. पण ती ओळ नाही म्हणजे दूध-गहू नाही, असा अर्थ मांसाच्या पाकिटावर काढायचा नाही.

मग वाचायचं काय? घटकांची अख्खी यादी. ती मात्र मांसावरही सक्तीची आहे. दुधासाठी केसीन, केसिनेट, व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरतं ते पाणी, लॅक्टोज आणि दुधाची पावडर हे शब्द शोधायचे. सोडियम लॅक्टेट आणि पोटॅशियम लॅक्टेट वाचून मात्र घाबरायचं नाही. नाव दुधासारखं वाटलं तरी ते दूध नव्हे. सलामीसारख्या आंबवलेल्या मांसात विरजणासाठी जिवाणू घालतात. ते कशावर वाढवले, हे पाकिटावरून कळत नाही. दुधाची अॅलर्जी असेल तर तिथे कंपनीला फोन करून विचारायचं. गव्हासाठी पीठ, ब्रेडचा चुरा आणि सोया सॉस बघायचा. 'मॉडिफाइड फूड स्टार्च' मक्याचा असू शकतो, गव्हाचाही असू शकतो. मांसाच्या पाकिटावर स्रोत लिहिलेला नसेल तर विचारायचं. 'माल्ट' दिसला तर तो बहुधा जवाचा. जव २००४ च्या कायद्यातल्या यादीत मुळातच नाही, त्यामुळे तो आपला आपणच शोधावा लागतो.

'ग्लूटेन-फ्री' या शब्दांना अर्थ आहे. एफडीएने २०१३ मध्ये मर्यादा ठरवली: किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी. मांसासाठीही हाच निकष धरतात. मुलाने अशा मांसाचे ५० ग्रॅम काप खाल्ले, तर जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जाईल. 'डेअरी-फ्री' या शब्दांची मात्र अशी सरकारी व्याख्याच नाही. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या पदार्थात केसिनेट असू शकतं. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी ग्लूटेन-फ्री लिहिलेलं पाकीट निवडायचं, मग दुधासाठी यादी वाचायची.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानातल्या डेली काउंटरवर समोर कापून देतात ते मांस या मुलांसाठी घेऊच नये. मांस कितीही शुद्ध असो, काप करायचं यंत्र तेच असतं. आधीच्या गिऱ्हाइकाचं चीज त्याच पात्यावरून गेलेलं असतं. शिवाय तुमच्या सांगण्यावरून कापून बांधून दिलेल्या पुडीवर सगळी माहिती छापलेली नसते. 'यंत्र पुसून घ्या' म्हणून सांगता येतं, पण पुसणं म्हणजे धुणं नव्हे. कारखान्यात बंद झालेलं पाकीटच घ्यायचं.

एक वाट बऱ्याच जणांना सुचत नाही. ज्यू धर्माच्या कोशर नियमांत मांस आणि दूध एकत्र करत नाहीत. त्यामुळे कोशर मांसाच्या पदार्थात दूध घटक म्हणून नसतं, आणि फक्त कोशर मांसाच्या दुकानात त्या यंत्रावर चीजही कापत नाहीत. तरी ही धर्माची खूण आहे, अॅलर्जीची तपासणी नव्हे. आणि गव्हाबद्दल ती काहीच सांगत नाही, ते वेगळं वाचावंच लागतं.

घरी करायचं असेल तर कोंबडीची छाती ओव्हनमध्ये भाजायची, आतलं तापमान ७४ अंश सेल्सियसला पोचू द्यायचं, गार करून पातळ काप करायचे. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढचे फ्रीजरमध्ये. आपल्याकडे दोन ठिकाणी हात आपसूक जातो, तिथे सांभाळा: मसाल्यात दही आणि हिंग. डबीतल्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. दह्याऐवजी लिंबू, आलं, लसूण लावा. रोज पाकिटातलं देण्यापेक्षा हे बरंही आहे. प्रक्रिया केलेल्या मांसाने मोठ्या आतड्याचा कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केलं आहे. म्हणून तयार काप अडीअडचणीला ठेवा.

शेवटी दोन सवयी. कंपन्या न सांगता कृती बदलतात, म्हणून ओळखीचं पाकीटही दर वेळी वाचायचं. आणि काप संपेपर्यंत रिकामं वेष्टण फेकायचं नाही. मुलाला त्रास झालाच, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'काय खाल्लं?' हाच असतो. तेव्हा ते वेष्टणच त्यांच्या हातात देता येतं. दुधाच्या अॅलर्जीसाठी डॉक्टरांनी एपिनेफ्रिनचं इंजेक्शन दिलं असेल, तर ते घरी कपाटात नको. डबा जिथे जातो, तिथे तेही गेलं पाहिजे.