चुकलेला रंग आणि छोटी आगगाडी

सातारा किंवा सांगलीच्या बाजारपेठेत रंगाच्या मोठ्या दुकानात चौकशी केलीत, तर कोपऱ्यात ठेवलेला एखादा ‘चुकलेला’ डबा सापडण्याचा संभव आहे. गिऱ्हाइकाला हवी होती एक छटा आणि तयार झाली दुसरी! असा रंग भिंतीसाठी सहसा कोणी घेत नाही, म्हणून दुकानदार तो बऱ्याचदा स्वस्तात देतो. विज्ञान प्रदर्शनासाठी छोट्या आगगाडीचा देखावा करायचा असेल, तर हाच डबा तुमच्या उपयोगाचा आहे.

रंग चुकतो कसा?

दुकानातले यंत्र ‘बेस’मध्ये ठरलेल्या मापाने रंगद्रव्ये सोडते. एकदा मिसळलेले रंगद्रव्य परत काढता येत नाही. रंगद्रव्य पांढऱ्या प्रकाशातील काही लहरी शोषते व उरलेल्या परत पाठवते. चूक सुधारण्यासाठी दुसरे रंगद्रव्य घातले की आणखी लहरी शोषल्या जातात आणि रंग मळकट होतो. दुसरे कारण प्रकाशाचे. ट्यूबलाइट व सूर्य यांच्या प्रकाशात निरनिराळ्या लहरींचे प्रमाण सारखे नसते. त्यामुळे दुकानात शेड कार्डाशी जुळलेली छटा उन्हात वेगळी दिसू शकते.

मळकटपणाच हवा

आता पुणे–मिरज लोहमार्ग डोळ्यांसमोर आणा. आदर्की घाटातला काळपट करडा बेसॉल्ट, कापलेल्या दरडींचा तांबूस मुरूम आणि पुढे सांगलीकडे कृष्णाकाठची काळी माती. यांतला एकही रंग झगझगीत नाही. म्हणून भिंतीला न शोभणारा फिकट बदामी किंवा राखी रंग येथे पायाचा रंग म्हणून उत्तम चालतो. त्यात पाण्यात कालवलेला गेरू घाला, मुरूम तयार होईल. गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा आणि मुरुमाचाही त्याचाच. पिवडीने वाळलेल्या गवताचा रंग येतो, तर काळ्या स्टेनरच्या काही थेंबांनी खडकाचा. डबा गुलाबी असेल, तर थोडा हिरवा स्टेनर घाला. गुलाबीपणा मरून तपकिरी करडी छटा मिळेल.

रंग किती लागेल? छोट्या रेल्वेचे एक प्रचलित प्रमाण १:८७ आहे. पुण्यात १९९८ साली सुरू झालेल्या भाऊ जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयामुळे हा छंद अनेकांना परिचित झाला. या प्रमाणात सुमारे साडेतेवीस मीटरचा डबा २७ सेंटिमीटरचा होतो. १२० × ६० सेंटिमीटरच्या फळीचे क्षेत्रफळ अवघे ०.७२ चौरस मीटर. डोंगरांमुळे ते दुप्पट धरले आणि दोन हात दिले, तरी सुमारे ३ चौरस मीटर रंगवावे लागेल. एक लिटर इमल्शन एका हातात साधारण १० चौरस मीटर पुरते. म्हणजे एका डब्यात तीन गटांचे देखावे होतील!

काही काळजी

पाण्यात मिसळणारे इमल्शनच घ्या. ऑइल पेंटमधील द्रावक थर्माकोल विरघळवतो. रंगवायला घेतलेला डोंगर खचून जाईल. जुना, नाव पुसलेला डबा घेऊ नका. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे अधिक असू शकते.

रंगाची परीक्षा ओलेपणी करू नका. ओल्या इमल्शनमधील राळेचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, म्हणून रंग दुधट दिसतो. वाळताना कण एकजीव होतात आणि छटा गडद होते. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर खोलीत काहीशेच. म्हणून देखाव्याचे रंग खऱ्या मातीपेक्षा थोडे फिके ठेवा.

शेवटी एक प्रयोग. तयार रंगाचा पट्टा पुठ्ठ्यावर वाळवा आणि शेतातल्या मातीच्या ढेकळाशेजारी ठेवून उन्हात, ट्यूबलाइटखाली व एलईडी दिव्याखाली पाहा. तिन्ही ठिकाणी दोघांचा रंग सारखाच जुळतो का? नसेल, तर चुकले कोण: रंग की प्रकाश? उत्तर वहीत लिहा आणि मग शिक्षकांशी चर्चा करा.