स्टिरिओला जोड द्यावी ती कशाची?

घरातील स्टिरिओ संच म्हणजे मुळात तीन वस्तूंची साखळी असते : ध्वनिमुद्रण वाचणारे साधन, त्यातून निघणारा क्षीण विद्युत संकेत वाढवणारा अँप्लिफायर आणि त्या संकेताचे हवेतील कंपनांत रूपांतर करणारे दोन स्पीकर. ही साखळी पूर्ण असतानाही तिला मागाहून जोडण्यासाठी अनेक उंची वस्तू विकल्या जातात. जाड वेष्टनाची पॉवर केबल, विजेचा पुरवठा शुद्ध करणारा पॉवर कंडिशनर, चांदीचा मुलामा दिलेली स्पीकर केबल आणि अंकांच्या रूपात साठवलेल्या ध्वनीचे पुन्हा विद्युत लहरीत रूपांतर करणारा स्वतंत्र डॅक या त्यांतील प्रमुख होत. यांपैकी काहींची किंमत मूळ संचाहून अधिक असते, त्यामुळे हा खर्च सार्थकी लागतो का, हा प्रश्न श्रीमंत हौशी मंडळींपुरता उरत नाही. पगारातून पैसे बाजूला टाकून चांगले गाणे ऐकू पाहणाऱ्या कुटुंबालाही तो पडतो.

बेंगळुरूच्या इंदिरानगरात या प्रश्नाची सर्व अंगे एकत्र पाहायला मिळतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस शांत, बंगल्यांची वसाहत म्हणून आखला गेलेला हा भाग आज १०० फूट रस्ता आणि १२वा मेन रस्ता यांवरील दुकाने, उपाहारगृहे आणि पब यांनी गजबजला आहे, तर २० ऑक्टोबर २०११ पासून सीएमएच रस्त्यावरील उन्नत मार्गावरून मेट्रो धावते आहे. जुन्या बंगल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत नोकरीनिमित्त आलेल्या अनेक मराठी कुटुंबांचे बिऱ्हाड आहे, आणि त्यांच्या घरी लागणारे गाणे पुष्कळदा याच राज्याच्या मातीतले असते. भीमसेन जोशी गदगचे, कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे आणि मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, ही गोष्ट महाराष्ट्राने या गायकांना इतके आपले मानले की सहसा ध्यानात येत नाही.

प्रथम विजेचा विचार करणे सोयीचे ठरेल. घरात येणारा २३० व्होल्टचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करतो, पण अँप्लिफायरमधील इलेक्ट्रॉनिक भाग या प्रवाहावर थेट चालत नाहीत. आतील ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, रेक्टिफायर त्याला एकाच दिशेने वाहायला लावतो आणि मोठे कपॅसिटर त्यातील चढउतार सपाट करतात, म्हणजे शुद्धीकरणाची यंत्रणा संचाच्या पेटीतच बसवलेली असते. उपकेंद्रापासून घराच्या भिंतीपर्यंत साध्या तारांतून आलेल्या विजेचा शेवटचा दीड मीटर प्रवास महागड्या केबलमधून घडवल्याने, नीट बांधलेल्या अँप्लिफायरच्या स्वरात फरक पडावा असे कारण विद्युतशास्त्रात सापडत नाही. मात्र बेंगळुरूत एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे पाऊस विजांच्या कडकडाटासह येतात, त्या काळात व्होल्टेजची अचानक उसळी अडवणारे साधन आणि मुख्य म्हणजे व्यवस्थित अर्थिंग यांवर केलेला खर्च पूर्णपणे योग्य ठरतो, कारण त्याने संच जळण्यापासून वाचतो. वीज गेल्यावर चालू होणारा इन्व्हर्टर स्वस्तातला, म्हणजे प्रवाहाची गोलाईदार लहर न देता चौकोनी लहर देणारा असेल, तर त्यावर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तो गुरगुराट पुष्कळदा स्पीकरमधूनही ऐकू येतो. त्यावर इलाज केबलचा नसून शुद्ध साइन लहर देणाऱ्या इन्व्हर्टरचा आहे.

स्पीकर केबलचा हिशेब तर वहीच्या एका ओळीत मांडता येतो. घराच्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियन वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार तीन मीटर अंतरासाठी घेतली, तर जाऊन-येऊन सहा मीटर तारेचा रोध सुमारे ०.०४ ओहम भरतो, आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे त्यामुळे आवाजात पडणारी घट ०.०५ डेसिबलहूनही कमी असते. एवढा फरक मनुष्याच्या कानाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

डॅकच्या बाबतीत थोडे थांबून विचार करावा लागतो, कारण ही वस्तू खरोखर काही काम करते. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांत नोंदवलेले असतात, आणि त्यातून सर्वांत मंद व सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखता येते. याउलट जुन्या टेपवर मुद्रित झालेल्या आणि एलपीवर निघालेल्या मैफलींत हे अंतर ढोबळमानाने ७० डेसिबलच्या आसपासच थांबते. भारतातील ध्वनिप्रदूषणविषयक २०००च्या नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ आणि व्यापारी भागात ५५ डेसिबल आहे; खिडक्या लावून घेतल्यावर खोलीत ३५ डेसिबलचा गोंगाट उरला असे धरले, तरी सीडीची पूर्ण क्षमता ऐकण्यासाठी आवाज १३० डेसिबलपर्यंत, म्हणजे कानाला वेदना होण्याच्या पातळीपर्यंत चढवावा लागेल. आज माफक किमतीच्या चांगल्या डॅकचा स्वतःचा खरखराट या गोंगाटाच्या कितीतरी खाली असतो. तेव्हा टीव्हीच्या किंवा जुन्या लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून घेतलेल्या संकेतात खरखर येत असेल, तर स्वतंत्र डॅक जरूर घ्यावा, परंतु माफक डॅकवरून लाखाच्या डॅककडे जाताना मिळणारी सुधारणा मुख्यतः मोजणीच्या यंत्राला कळणारी असते.

महागड्या जोडीची शिफारस करताना विक्रेते ‘बारकावे उलगडतात’ असे सांगतात, आणि शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला ही भाषा लगेच पटते, म्हणून हे बारकावे म्हणजे नेमके काय हे पाहणे आवश्यक आहे. तानपुऱ्याची तार थेट टोकदार आधारावर टेकलेली नसते. घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलाईचा असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेला सुती धागा योग्य जागी आला की कंप पावणारी तार त्या माथ्याला अलगद स्पर्श करत राहते. यालाच जवारी लागणे म्हणतात. त्या स्पर्शामुळे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आणि त्याहून पुढच्या वारंवारतेचे, म्हणजे सेकंदाला तितक्या पटींनी अधिक कंपने असणारे, उपस्वर सतत नव्याने जागे होतात, इतके की तार ज्या बिंदूवर छेडली तेथे ज्या उपस्वराची निष्पत्ती नियमाप्रमाणे होऊ नये, तोही स्पष्ट ऐकू येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी कोलकात्यात असताना याच गोष्टीकडे लक्ष वेधले, आणि त्याच सुमारास शाई लावलेल्या भारतीय तालवाद्यांचे उपस्वर सुरेल का असतात याचाही अभ्यास केला. पुढे १९३३ मध्ये ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले आणि १९४८ मध्ये त्यांनी याच शहरात स्वतःची संशोधनसंस्था उभारली. तानपुऱ्याचे हे उपस्वर काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेले असल्याने ते नीट ऐकू येणे स्पीकरच्या लहान पडद्यावर, म्हणजे ट्वीटरवर, आणि त्याहून अधिक खोलीवर अवलंबून असते.

इंदिरानगरातील नव्या सदनिकेची बैठकीची खोली पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच धरली, तर तिच्यात गुळगुळीत टाइल्स, रंगवलेल्या सपाट भिंती आणि रुंद काचा असतात, आणि हे सर्व पृष्ठभाग ध्वनीचा जेमतेम विसावा हिस्सा शोषून बाकीचा परत फेकतात. १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबाइन यांनी, शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात वाहून नेऊन, शोषक पृष्ठभाग आणि आवाज विरण्याचा काळ यांचा संबंध शोधला. त्यांच्या सूत्राने हिशेब केला, तर वर वर्णन केलेल्या रिकाम्या खोलीत आवाज विरायला सुमारे दोन सेकंद लागतात. द्रुत तानेतील एकेक स्वर सेकंदाच्या अंशाएवढाच टिकतो, त्यामुळे आधीच्या दहा-बारा स्वरांचे अवशेष पुढच्या स्वरावर साचत जातात. जाड सतरंजी किंवा गालिचा, कापडी कोच, चुण्यांचे भारी पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी शोषण चौपट झाले की हाच काळ अर्ध्या सेकंदावर येतो, आणि जी जवारी ऐकण्यासाठी केबल घ्यायची होती, ती तेथे ऐकू येऊ लागते.

खर्जाचे दुखणे मात्र पडद्यांनी बरे होत नाही. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ आणि ६९ हर्ट्झच्या लहरी, चार मीटर रुंदीत ४३ आणि ८६ हर्ट्झच्या लहरी भिंतींमध्ये अडकून पडतात, त्यामुळे डग्ग्याची घुमक एका जागी बसल्यावर छातीवर आदळते आणि दोन पावले सरकल्यावर नाहीशी होते. याला पहिला उपाय विनामूल्य आहे : स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावेत, ऐकण्याची खुर्ची मागच्या भिंतीपासून पुढे घ्यावी, आणि एकच तबलावादन वेगवेगळ्या जागी बसून ऐकावे. त्याने भागले नाही, तर खोलीतील आवाज मायक्रोफोनने मोजून दुरुस्ती करणारा अँप्लिफायर, किंवा लहान स्पीकर असतील तर नीट जुळवलेला सबवूफर, या जोडी खरोखर ऐकू येणारा फरक घडवतात.

एवढे असूनही महागडी केबल लावल्यावर फरक जाणवला असे सांगणारे श्रोते खोटे बोलत नसतात. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले, तेव्हा दिसणाऱ्या स्पीकरच्या रूपाने व नावाने श्रोत्यांची पसंती बदलली, आणि खोलीतील जागा बदलल्याने प्रत्यक्षात पडणारा फरक त्यांना कमी कळू लागला. ज्याची किंमत नुकतीच चुकती केली आहे, त्याबद्दल तर मन अधिकच अनुकूल असते. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांतील १२,५०० हून अधिक चाचण्यांचा एकत्र विचार केला, तेव्हा सीडीहून सूक्ष्म नोंदीचे मुद्रण ओळखण्यात श्रोत्यांना ५२.३ टक्के यश मिळाल्याचे आढळले. नुसत्या अंदाजाने ५० टक्के यश मिळतेच, पण सरावलेल्या श्रोत्यांचे यश सरासरीहून स्पष्टपणे अधिक होते, आणि ही नोंद प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे.

म्हणूनच वस्तू घरी नेऊन ऐकण्याची आणि न पटल्यास परत करण्याची मुभा विक्रेत्याकडून लेखी घ्यावी. तुलना करताना दोन्ही वेळा स्पीकरच्या टोकांवरील व्होल्टेज मल्टिमीटरने एक टक्क्याच्या आत जुळवावे, कारण किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो. जोडणी बदलण्याचे काम घरातील दुसऱ्या व्यक्तीने ऐकणाऱ्याच्या नजरेआड, नाणे उडवून करावे आणि निदान सोळा वेळा करून उत्तरे कागदावर लिहावीत. सोळांपैकी बारा उत्तरे बरोबर आली, तर ती निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात चारच्या आत असते, आणि तसे झाल्यास ती जोड घेण्यास हरकत नाही. आठ-नऊच आली, तर वस्तू परत करून त्या पैशांत खिडकीला दुहेरी काच, जमिनीवर गालिचा आणि बाकी उरलेल्यात पुष्कळ नवी मुद्रणे घेता येतात.