तांबटाचा संसार

मैत्रिणींनो, डबे आणि शाळेच्या घाईत सकाळी फिरायला वेळ कुठला? पण रविवारी एक तास काढाच. पुण्यात असाल तर उजाडताच वेताळ टेकडी गाठा. पाखरं तेव्हाच जास्त बोलतात. भडक साडी नको, बडबड नको. तांबट आळीत भांडी ठोकावीत तसं ‘टुक टुक टुक’ ऐकू आलं, की समजा तांबट पक्षी! चिमणीहून जरासा मोठा, अंग हिरवं, कपाळ लाल. जानेवारी ते जून तो वाळक्या फांदीत भोक पाडून घरटं करतो. नर-मादी दोघंही पिल्लांना भरवतात. म्हणून सोसायटीत कुणी वाळकी फांदी तोडायला निघालं, तर आधी नीट वर बघा. भोक दिसलं आणि फांदी पडण्याचा धोका नसेल, तर पावसाळ्यापर्यंत थांबवा. आत कुणाचा तरी संसार चाललेला असतो!