हरीणपालनातील संप्रेरक उपचार

हरीणपालनातील संप्रेरक उपचार म्हणजे पाळीव हरणांचा प्रजननकाळ अलीकडे आणण्यासाठी किंवा अनेक माद्यांना एकाच वेळी माजावर आणण्यासाठी केला जाणारा संप्रेरकांचा वापर होय. न्यूझीलंडमधील तांबड्या हरणांवर या पद्धतींचा विशेष अभ्यास झाला आहे.

पार्श्वभूमी

युरोपातील तांबडे हरीण १९व्या शतकात शिकारीसाठी न्यूझीलंडमध्ये नेण्यात आले. तेथे १९७०च्या दशकात व्यावसायिक हरीणपालन वाढीस लागले. दिवस लहान होऊ लागले की हे हरीण माजावर येते. दक्षिण गोलार्धात हा काळ मार्च-एप्रिलचा असतो. गर्भकाळ सुमारे २३३ दिवसांचा असल्याने पाडसे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मतात. कुरणातील गवत मात्र वसंत ऋतूत, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, सर्वाधिक वाढते. त्यामुळे मादीला दुधासाठी चाऱ्याची सर्वाधिक गरज असते, त्या उन्हाळ्यात कोरड्या भागांतील कुरणे सुकू लागतात. ही तफावत कमी करणे हा उपचारांचा एक उद्देश आहे.

मेलाटोनिन

मेंदूतील पिनिअल ग्रंथी रात्री मेलाटोनिन स्रवते. या स्रावाच्या कालावधीवरून शरीराला ऋतू कळतो. उन्हाळ्यात कानाच्या त्वचेखाली मेलाटोनिनची गोळी बसवल्यास रात्री मोठ्या झाल्याचा संकेत मिळतो व माज काही आठवडे आधी येतो. नरावरही उपचार करावा लागतो. अन्यथा माद्या माजावर आल्या तरी तो समागमास सिद्ध नसतो. गर्भारपणाच्या अखेरीस हा उपचार केल्यास प्रोलॅक्टिन घटून कासेची वाढ व दूध कमी होऊ शकते आणि मूळ हेतूच विफल होतो.

प्रोजेस्टेरॉन

प्रोजेस्टेरॉनयुक्त सिलिकॉनचे साधन मादीच्या योनिमार्गात सुमारे १२ दिवस ठेवतात. ते काढताना गर्भवती घोडीच्या रक्तरसापासून मिळवलेल्या संप्रेरकाचे इंजेक्शन देतात. त्यानंतर सुमारे दोन दिवसांत माद्या जवळजवळ एकाच वेळी माजावर येतात. त्यामुळे प्रत्येक मादीचा माज न तपासता ठरावीक वेळी कृत्रिम रेतन करता येते. आकाराने मोठ्या वापिती हरणाशी संकर करण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते. इंजेक्शनची मात्रा अधिक झाल्यास एकाहून जास्त बीजांडे सुटतात. तांबड्या हरणात जुळी पाडसे क्वचितच होत असल्याने हा परिणाम टाळावा लागतो.

मर्यादा व पर्याय

औषधांचा खर्च आणि वारंवार पकडल्याने हरणांवर येणारा ताण या मुख्य मर्यादा आहेत. संप्रेरकांविनाही माज काहीसा अलीकडे आणता येतो. नराच्या डरकाळ्यांचे ध्वनिमुद्रण ऐकवल्यास माद्या लवकर माजावर येतात, असे कॅरन मॅकोम्ब यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले.